सातव्या चित्राचं वर्णन

रविवार, ८ फेब्रुवारी
सकाळी साडेनऊ

ती. मावशी,

नमस्कार. माझा खोकला गेला. खोलीतला पंखा दुरुस्त झाला, घरमालकीण मात्र आहे तशीच आहे. आईला सांग, स्वेटर पोचला आणि बाह्या बरोबर बसल्या.

आता आधी एक दुरुस्ती. गेल्या रविवारच्या पत्रात मी लिहिलं होतं की रुग्णालयाची ती सूचना त्यांच्या वेबसाइटवर बावीस जानेवारीला चढली. म्हणजे तुझ्या डोळ्याला त्रास सुरू झाल्यावर दोन दिवसांनी, त्यामुळे तुला ती आधी कळण्याचा प्रश्नच नव्हता. हे चूक आहे. सूचना नऊ जानेवारीला, शुक्रवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी चढली. तुझा त्रास वीस तारखेला, मंगळवारी सुरू झाला. तोपर्यंत ती सूचना तिथे अकरा दिवस होती.

तारीख लिहिताना गफलत झाली असं मी म्हणू शकले असते आणि तू ते मानलंही असतंस. पण गफलत झाली नव्हती. खरी तारीख मला माहीत होती. मी बावीस लिहिलं, थांबले, पुसावं असं वाटलं, आणि पुसलं नाही.

हे पत्र आई शेजारी असताना मोठ्याने लावू नकोस. कानात घालून ऐक. तुझ्या फोनमधली ती पडद्यावरचं वाचून दाखवणारी मास्तरीण नेहमीच्याच सपाट आवाजात वाचेल. मी काही लपवत असले तर तिच्या आवाजातून तुला कळणार नाही, म्हणून जे आहे ते मीच सरळ लिहिते.

तू मला तीनदा विचारलंस की मी ऑफिसात नेमकं काय करते. तिन्ही वेळा मी "कॉम्प्युटरवर असते" म्हणून वेळ मारून नेली. तर ऐक. वेबसाइटवर जे प्रत्येक चित्र असतं, त्याच्या पोटात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक त्याचं नाव आणि एक त्याचं वर्णन. डोळस माणसाला त्या दिसत नाहीत, त्याला चित्रच दिसतं. त्या वाचणारे दोघेच. एक म्हणजे सर्च करणारं यंत्र, जे ठरवतं की लोकांनी काही शोधलं तर कुणाला आधी दाखवायचं. आणि दुसरी म्हणजे तुझी मास्तरीण, जी चित्राशी आली की ते वर्णन वाचून दाखवते. ती नावं आणि ती वर्णनं लिहिणं हे माझं काम. आमच्या ऑफिसात पाच माणसं आहेत, त्यातली हे करणारी मी एकटी.

कामाला लागले तेव्हा मला हसू आलं होतं. वाटलं, हे तर मी सात वर्षांची असल्यापासून करते आहे. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. त्यामुळे औषधाची बाटली असो, विजेचं बिल असो, कुणाच्या दारावर चिकटवलेला कागद असो, सगळं माझ्यापुढे यायचं. तुझा उजवा डोळा तेव्हाच गेलेला होता. माझी परीक्षा घेतल्यासारखी तू समोर बसायचीस, मांडीवर शिंप्याकडचे शर्ट, बोटं काजं करत असायची. मी म्हणायचे, "मावशी, छान चित्र आहे." तू म्हणायचीस, "छान आहे की नाही ते मी ठरवीन. तू काय आहे ते सांग." आणि ते भाड्याचं पत्र आठवतं? त्यात एक जोडाक्षरांचा शब्द मला आला नाही, मी तो गाळून पुढे गेले. तू सुई थांबवून म्हणालीस, "मध्ये एक शब्द खाल्लास. श्वास अडकला तुझा."

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'पहिलं पान' म्हणतो. कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथेच येऊन थांबतं. सर्चमध्ये पहिल्या पानावर आलो पाहिजे. दुसरं पान म्हणजे मसणवटा, असं ते म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी एका चित्राचं वर्णन लिहिलं होतं: 'पांढऱ्या कोटातील डॉक्टर एका वृद्ध बाईंच्या डोळ्यात छोटी विजेरी धरून पाहत आहेत.' पहिलं पान माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे काय? कादंबरी लिहायला ठेवलंय तुला?"

"सर, चित्रात हेच आहे."

"चित्रात काय आहे ते बघणाऱ्याला दिसतंय. यंत्राला काय हवं ते लिही."

"पण सर, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी..."

"अगं, ज्यांना दिसत नाही ते वेबसाइट बघतात कशाला?" सगळे हसले. मीही हसले, मावशी. मोठ्याने नाही, पण हसले. हे लिहायचं राहू नये.

मग त्यांनी मला शब्दांची एक पट्टी दिली. 'माझ्या जवळचं सर्वोत्तम नेत्ररुग्णालय, परवडणारी मोतीबिंदू शस्त्रक्रिया, नामांकित नेत्रतज्ज्ञ.' ती प्रत्येक चित्रात घालायची. डॉक्टर असोत, इमारत असो, बाग असो, पाण्याची टाकी असो, सगळीकडे तीच. चित्रांची नावंही तशीच, शेवटी फक्त क्रमांक वेगळा. ही पट्टी डोळ्यांच्या दवाखान्याची आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आणि तो दवाखाना कुठला हेही.

होय. तुझाच. तुझ्या घरापासून चौथ्या गल्लीतला. त्याची वेबसाइट आमच्या ऑफिसाने केली. त्यावर चारशे बारा चित्रं आहेत आणि त्या चारशे बाराही चित्रांचं वर्णन मी लिहिलं आहे.

गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की त्या सूचनेच्या चित्राचं वर्णन "कुणीतरी रिकामं सोडलं असणार". ते रिकामं नव्हतं. ते भरलेलं होतं आणि भरणारी मी होते.

आता ते चित्र. दवाखान्याच्या प्रसिद्धीवाल्या बाईंना साधी अक्षरं आवडत नाहीत. पानावर अक्षरं आली की ते "सरकारी दिसतं" म्हणतात. म्हणून त्या प्रत्येक सूचनेचं चित्र करून पाठवतात, निळी चौकट, कोपऱ्यात डोळ्याची आकृती. ते सातव्या क्रमांकावर आलं. माझ्या पडद्यावर डावीकडे चित्रांची रांग असते, एकेक चित्र टपालाच्या तिकिटाएवढं. उजवीकडे वर्णनाची रिकामी चौकट. मी तिकिटाकडे बघायचे आणि पट्टी चिकटवायचे. सातवं तिकीट निळं होतं. मला वाटलं जाहिरात असेल. उघडून मोठं करायला एक टिचकी लागते. मी ती मारली नाही. पट्टी चिकटवली आणि आठव्यावर गेले.

त्या चित्रात काय लिहिलं होतं ते तुला आजवर कुणीही पूर्ण वाचून दाखवलेलं नाही. मी दाखवते. शब्द जसेच्या तसे:

'महत्त्वाची सूचना. डोळ्यापुढे अचानक ठिणग्या किंवा विजेसारखा लखलखाट दिसणं, काळे ठिपके एकदम वाढणं, किंवा बाजूने काळा पडदा सरकत येत असल्यासारखं वाटणं, यांपैकी काहीही झाल्यास नंबर लावून थांबू नका. त्याच दिवशी थेट तातडीच्या विभागात या. मागील दाराने प्रवेश. चोवीस तास.'

बस. एवढंच. एका दमात वाचून होतं.

वीस तारखेला काय झालं ते आईने मला सांगितलं आणि थोडं तू सांगितलंस, ते मी एकत्र लावते. चुकलं तर सांग. सकाळी तुला डाव्या डोळ्यात ठिणग्या दिसल्या. तू आईला म्हणालीस, "आज माझ्या डोळ्यात वेल्डिंग चाललंय." दुपारी खालच्या बाजूने अंधार वर येतोय असं वाटलं. तू रुग्णालयाला फोन लावलास. तिकडे वाजंत्री वाजत राहिली आणि मग रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, अधिक माहितीसाठी आमच्या वेबसाइटला भेट द्या. तू भेट दिलीस. मास्तरीण वाचू लागली: 'माझ्या जवळचं सर्वोत्तम नेत्ररुग्णालय, परवडणारी मोतीबिंदू शस्त्रक्रिया, नामांकित नेत्रतज्ज्ञ, चित्र.' बोट पुढे सरकवलंस, परत तेच. परत तेच. आई सांगते, तू वैतागून फोनला म्हणालीस, "अगं बये, जवळ आहे ते मला माहितीये! पुढे बोल की!"

ती पुढे काय बोलणार? तिच्यापुढे मी तेवढंच ठेवलं होतं.

वर्णन खरोखर रिकामं असतं, तरी बरं झालं असतं. मग मास्तरीण नुसतं 'चित्र' म्हणाली असती. तुला कळलं असतं की इथे काहीतरी आहे आणि ते मला सांगितलं जात नाहीये. तू शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली असतीस, बघ रे काय आहे. पण मी ते भरलं. म्हणून तुला वाटलं, जाहिरात आहे, दुसरं काय. नाहीतर न दिसणारी वस्तू तू कधी तपासल्यावाचून सोडत नाहीस.

तुझा नंबर शनिवारचा होता. तू शनिवारपर्यंत थांबलीस. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शनिवारी डॉक्टरांनी विजेरी धरली तेव्हा तुला विजेरीही दिसली नाही.

डॉक्टर म्हणाले, मंगळवारी आला असतात तर कदाचित वाचवता आलं असतं. कदाचित. तो शब्द मी गाळणार नाही, माझ्या सोयीसाठीही नाही आणि रागासाठीही नाही. पण त्यांनी आईला पुढे जे विचारलं ते तू आत तपासायच्या खोलीत होतीस म्हणून तुला ठाऊक नाही. ते म्हणाले, "वेबसाइटवर एवढी ठळक सूचना लावली होती. घरात वाचणारं कुणी नाही का?"

आणि आई ताठ होऊन म्हणाली, "आहे की. माझी मुलगी कॉम्प्युटरवर तेच काम करते."

आईने हे मला एकोणतीस तारखेला फोनवर सांगितलं, जरा अभिमानाने आणि डॉक्टरांवर जरा चिडून. मी फोन ठेवला आणि सातवं चित्र पहिल्यांदा उघडलं.

मावशी, आता जे लिहायचं आहे ते तुला माहीत आहे. माहीत असूनही तू ते आईला सांगितलं नाहीस, डॉक्टरांना सांगितलं नाहीस आणि मलाही बोलून दाखवलं नाहीस. वीस तारखेला संध्याकाळी सहाच्या सुमारास तू मला फोन केला होतास.

तू म्हणालीस, "कामात आहेस का गं?"

मी म्हणाले, "हो. पटकन बोल."

"अगं, ही मास्तरीण दवाखान्याच्या पानावर एकच पाढा म्हणतेय. चित्र आहे म्हणे. काय असतं त्या चित्रांत?"

"ते सर्चसाठी असतं, मावशी. तुझ्यासाठी नाही. पुढे जा."

"पुढे कुठे?"

"खाली. खाली नंबर असेल. ठेवू?"

"ठेव, ठेव. काम कर."

त्या वेळी तेच पान माझ्यासमोर उघडं होतं. शेवटची साठ चित्रं उरली होती आणि मी त्यात पट्टी चिकटवत होते. तू का विचारतेस, हे मी विचारलं नाही. तुझा आवाज कसा होता हे मला आठवत नाही, कारण मी ऐकलाच नाही. तू त्या फोनवर डोळ्याबद्दल बोलली नाहीस कारण मी "पटकन" म्हणाले. हे मी स्वतःला टोचून घ्यायला लिहीत नाही. असं झालं, म्हणून लिहिते आहे.

'तुझ्यासाठी नाही.' ज्या गोष्टी दृष्टी नसलेल्या माणसासाठीच केलेल्या असतात, त्या मी त्या माणसाला सांगितल्या की तुझ्यासाठी नाहीत. या धंद्यात ते वर्णन मुळात आणलं गेलं तुझ्यासाठी. सर्चच्या यंत्राने ते नंतर वाचायला घेतलं. मग आमच्यासारख्यांनी तुझा घास काढून त्याच्या तोंडात घातला. आता मी वर तोंड करून तुलाच सांगते, सरक, पुढे जा.

आता यापुढचं ऐकून तू मला शिव्या घाल किंवा नको, पण ऐक. मला राग येतो आहे आणि तो फक्त माझ्यावर नाही.

दोन फेब्रुवारीला, सोमवारी, मी सातव्या चित्राचं वर्णन बदललं. सूचनेचे सगळे शब्द जसेच्या तसे घातले. तीच सूचना चित्राच्या खाली साध्या अक्षरांतही टाकली. पुढच्या चित्रांनाही हात घातला, एकोणीस झाली. बुधवारी सकाळी बघते तर सगळं पूर्वीसारखं. सातव्यात पट्टी परत. मी पहिलं पानांच्या खोलीत गेले.

"सर, रुग्णालयाच्या पानावरचे माझे बदल कुणी काढले?"

"मी काढले. पान दुसऱ्यावरून पाचव्या क्रमांकावर घसरलं. दोन दिवसांत! काय केलंस तू?"

"सर, ती तातडीची सूचना आहे. लोकांचे डोळे जातात."

"आपण डॉक्टर आहोत का?"

"एका बाईंचा गेला, सर. त्या माझ्या मावशी आहेत."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मला वाटलं, आता काहीतरी होईल. मग त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "वाईट झालं. खरंच. हवी तर दोन दिवस सुट्टी घे. पण घरचं दुःख कामात आणायचं नाही. चारशे बारातलं एक चित्र. आणि मला सांग, आंधळी माणसं डोळ्यांच्या दवाखान्याचं पान उघडतील कशाला? त्यांचं जे व्हायचं ते झालेलं असतं."

तो मऊ आवाज माझ्या डोक्यातून जात नाही. ओरडले असते तर परवडलं असतं. मावशी, तुझ्यासारखी माणसं, ज्यांचा एक गेलाय आणि दुसऱ्यात थोडा उजेड उरलाय, दाराची चौकट कळते, गडद-फिकं कळतं, जी त्या उरलेल्या उजेडात काजं-बटणं करून स्वतःचं पोट भरतात आणि भाचीला शाळेत घालतात, ती माणसं त्यांच्या हिशेबात नाहीतच. एकतर दिसतं, नाहीतर झालेलं असतं. मधे कुणी नाही.

मी त्याच दिवशी प्रसिद्धीवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तांत्रिक गोष्टी तुमच्या साहेबांशी बोला ना. सूचना तर छान दिसतेय." मी त्यांना पत्रही पाठवलं. उत्तर नाही.

आणि शुक्रवारी एक कागद माझ्या टेबलावर आला. दवाखान्याला कुठल्याशा मानांकनासाठी दाखला हवा आहे. त्यावर छापलं आहे: 'या वेबसाइटवरील सर्व चित्रांना दृष्टिहीन व्यक्तींना उपयोगी पडेल असे वर्णन दिले असल्याची मी स्वतः खात्री केली आहे.' खाली तपासणाऱ्याची सही. तपासणारी मी. गुरुवारी, बारा तारखेला, दवाखान्याच्या सभागृहात बैठक आहे, मोठे डॉक्टर असतील, तिथे तो कागद द्यायचा. माझं कायम झाल्याचं पत्रही गुरुवारीच मिळणार आहे. पहिलं पान म्हणाले, "दोन्ही कागद एकदमच होऊन जातील."

मी म्हणाले, "सर, हे खरं नाही."

"वर्णन आहे की नाही?"

"आहे, पण..."

"एक तरी चौकट रिकामी आहे? नाही. तपासणीचं यंत्र काय म्हणतं? शंभरपैकी शंभर. मग खोटं काय?"

यंत्र शंभर म्हणतं हे खरं आहे. मी स्वतः चालवून पाहिलं. ते चौकट भरलेली आहे का एवढंच बघतं. आत काय आहे ते त्याला कळत नाही. डबा जड लागला म्हणजे जेवण आहे असं धरून चालायचं, मग आत दगड का असेनात. आणि त्या शंभरावर माझी सही, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद तयार. वाचणारी होती, तिनेच लिहून दिलं.

आईला मी काल थोडंसं सांगितलं, सगळं नाही. ती म्हणाली, "नोकरी पक्की होऊ दे, मग बोल काय बोलायचं ते. चार दिवसांनी तुझं तोंड पळून जाणार आहे का?" आई घाबरली आहे आणि तिचं बरोबर आहे. ही नोकरी गेली तर मला अशी दुसरी लगेच मिळणार नाही. पहिलं पान चांगला शेरा देणार नाहीत. मी तुला खोटं धैर्य दाखवत नाही. काल दुपारी जेवण गेलं नाही. मी कागद चार वेळा वाचला आणि सही केलीच तर नंतर ती कशी नाकारता येईल याच्या वाटा शोधल्या. पेन्सिलीने करू का, असंही मनात आलं. इतकी मी घाबरट आहे.

पण सही करणार नाही, एवढं ठरलं आहे. मग मी असं ठरवलं की गुरुवारी बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहायचं. फोन काढायचा, त्याचा पडदा काळा करायचा आणि मास्तरणीला त्यांचं पान वाचायला लावायचं. सात वेळा 'माझ्या जवळचं सर्वोत्तम नेत्ररुग्णालय' ऐकल्यावर मोठे डॉक्टर काय तोंड करतात ते बघायचं. मग म्हणायचं, या चित्रात तुम्ही काय लिहिलं होतं ते आता सांगा. पहिलं पान तिथेच असतील, प्रसिद्धीवाल्या बाई तिथेच असतील. काल संध्याकाळी मी हे आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं. आवाज बऱ्यापैकी निघाला. फार बरं वाटलं.

इथे मी पत्र थांबवून चहा करायला उठले होते. चहा गाळताना दिवस मोजले.

आज रविवार. सोमवार, मंगळवार, बुधवार आणि मग गुरुवार. तू चार दिवस थांबलीस कारण तुला माहीत नव्हतं. मी चार दिवस थांबणार आहे, कारण गुरुवारी माणसं जास्त असतील आणि माझं बोलणं उठून दिसेल. या चार दिवसांत तुझ्या शहरात कुणाच्या तरी डोळ्यात ठिणग्या उडतील. तो फोन लावेल, वाजंत्री ऐकेल आणि मग त्याच्या फोनातली मास्तरीण त्याला माझी पट्टी वाचून दाखवेल. आत्ता या क्षणी ती तिथेच आहे. मी चहा गाळण्यापूर्वी पुन्हा उघडून पाहिली.

तेव्हा गुरुवार रद्द. आणि दुरुस्तीने पत्र सुरू केलं आहे तर ही दुसरी दुरुस्तीही तुझ्यासमोरच करते.

उद्या पहाटेच्या पहिल्या बसने मी निघते. मोठे डॉक्टर साडेआठला मागच्या दाराने येतात, हे आईने तुझ्या फेऱ्यांमध्ये पाहिलेलं आहे. मी तिथे उभी राहीन. सोबत तीन कागद असतील. एकावर सूचनेचे शब्द. दुसऱ्यावर त्याच चित्राचं मी लिहिलेलं वर्णन. तिसरा तो दाखला, सहीच्या जागी मी लिहिलेलं एक वाक्य: 'मी खात्री केली आहे आणि हे खरं नाही, ही वर्णनं मीच लिहिली होती.' त्यांनी ऐकलं नाही तर तातडीच्या विभागात जाईन, तिथेही नाही तर ओपीडीच्या रांगेत उभं राहून सूचना मोठ्याने वाचून दाखवेन. वाचता मला येतं. पहिलं पानांना आजच कळवते की उद्या मी कुठे असेन आणि का. मागून केलं असं त्यांना म्हणता येऊ नये.

तुझ्याबद्दल मी तिथे काही सांगणार नाही. तुझा डोळा तुझा आहे, माझ्या बोलण्याला जोर यावा म्हणून तो मी वापरणार नाही. तुला चालणार असेल तर सकाळी आठच्या आत मला फोन करून तसं सांग. मी कामात नसेन.

माफी मी या पत्रात मागत नाही. मागितली की तुला काहीतरी म्हणावं लागेल, आणि तू "जाऊ दे गं" म्हणशील, आणि ते मी मनापासून धरून बसेन. दवाखान्यातून मी घरी येईन. तेव्हा तुला जे म्हणायचं ते म्हण. दार उघडायचं नसेल तर मी पायरीवर बसेन, आईला पाणी तेवढं बाहेर द्यायला सांग.

तुझी भाची,
उद्या, सोमवारी, नऊ फेब्रुवारीला, सकाळी साडेआठ वाजता, मागच्या दाराशी, स्वतःच्या पूर्ण नावानिशी.